चोराच्या हाती न लागलेले धन

गुढीपाडवा जवळ आला, की मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत नव्या वर्षाचे करार होऊ लागतात. कोणी एखाद्या शेतकऱ्याकडे सालगडी म्हणून राहतो. त्याची वर्षाची रक्कम आधीच ठरते. पीक येवो वा न येवो, ती त्याला मिळावयाची असते. कोणी विहीर खोदण्याचे काम गुत्त्याने घेतो. एका परसाला अमुक रुपये असा भाव ठरतो; काम पुरे झाले, की गुत्तेदार आपले पैसे घेऊन दुसऱ्या गावाची वाट धरतो. कोणी दुसऱ्याचे शेत बटाईने करतो. त्याला पगारही नाही आणि भावही नाही. जे पिकेल त्यातील ठरलेला वाटा, एवढेच त्याचे. शेत पिकले तर त्याचे घर भरते. पावसाने डोळे वटारले, तर वर्षभराचा घाम मातीत जातो. नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांतील लहान मुलालाही ह्या तीन रीतींमधील भेद समजावून सांगावा लागत नाही.

ह्याच तीन रीती सुमारे चाळीस वर्षांपूर्वी सातासमुद्रापार एका अगदी नव्या व्यवसायात दिसू लागल्या. त्या व्यवसायात विहीर नव्हती, शेत नव्हते आणि बैलही नव्हते. तेथे एका मोठ्या यंत्रावरील खेळ दुसऱ्या लहान यंत्रावर उतरवावयाचा होता, आणि ते काम करणारे कारागीर होते संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे तरुण.

त्या काळी अमेरिकेत व जपानात करमणुकीच्या दालनांतून कपाटाएवढी उंच यंत्रे उभी असत. फटीत नाणे टाकले, की त्यांच्या पडद्यावर व्हिडिओ गेम सुरू होई. अशांपैकी एक खेळ जपानमधील कोनामी ह्या कंपनीने १९८१ मध्ये तयार केला. त्याचे नाव फ्रॉगर. ह्या खेळात एक बेडूक रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. वाहनांच्या रांगांमधून वाट काढीत त्याने रस्ता ओलांडावयाचा. मग पुढे नदी लागते. तिच्यात वाहत जाणाऱ्या ओंडक्यांवरून आणि कासवांच्या पाठींवरून उड्या मारीत त्याने पैलतीर गाठावयाचा आणि तेथील पाच घरांपैकी एका रिकाम्या घरात शिरावयाचे. कासवे मध्येच बुडी मारतात. मगरी जबडे उघडून वाट पाहत असतात. सर्वांत गमतीची गोष्ट अशी, की हा बेडूक पाण्यात पडला, तर पोहत नाही, मरतो! गोदावरीच्या काठी वाढलेल्या मुलांना हे ऐकून हसू येईल. परंतु प्रत्येक खेळाचे स्वतःचे नियम असतात, आणि ते पाळले तरच खेळात रंगत येते.

ह्याच सुमारास घराघरांत ठेवता येतील असे लहान संगणक बाजारात येऊ लागले होते. त्यांना गृहसंगणक म्हणत. अटारी ह्या कंपनीचा अटारी ८०० नावाचा गृहसंगणक १९७९ मध्ये आला. तो घरातील दूरदर्शन संचाला जोडावयाचा, की संचाचा पडदा हाच संगणकाचा पडदा होई. त्याची स्मरणशक्ती, म्हणजे मेमरी, पुरेपूर वाढवली तरी अवघी ४८ किलोबाइट भरे. आजच्या मोबाइल फोनने काढलेल्या एका छायाचित्राला ह्याच्या कित्येक पट जागा लागते! तरीही दालनात नाणी टाकून खेळावयाचा खेळ आपल्या घरी, आपल्या संचावर खेळता यावा, अशी मुलांची इच्छा होती. आणि ती पुरवणारा चार पैसे मिळवील, हे व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

मात्र दालनातील यंत्रावरचा खेळ जसाच्या तसा उचलून गृहसंगणकात घालता येत नसे. असे का, हे समजण्यासाठी आपल्याच सीमेवरील गावांकडे पाहावे. नांदेड जिल्ह्यातील देगलूरच्या बाजारात तेलुगू कानी पडते. लातूर जिल्ह्यातील निलंग्याच्या बाजारात कानडी ऐकू येते. समजा, देगलूरला एका कथेकऱ्याने तेलुगूत रंगवून गोष्ट सांगितली. ती ऐकावयास बसलेल्या एका माणसाला तेलुगूचा गंध नाही. त्याने कथेकऱ्याचे हावभाव पाहिले, कोठे श्रोते हसले, कोठे त्यांनी श्वास रोखला, हे ध्यानात ठेवले, आणि निलंग्यास जाऊन तीच गोष्ट कानडीत अशी सांगितली, की तेथेही लोक त्याच जागी हसले आणि त्याच जागी त्यांनी श्वास रोखला. त्या माणसाने नक्कल केली असे कोण म्हणेल? त्याने गोष्ट नव्याने रचली, असेच म्हणावे लागेल.

गृहसंगणकावर खेळ उतरवणाऱ्याचे काम नेमके असेच होते. फ्रॉगरच्या मूळ यंत्रात झेड-८० जातीचे दोन प्रोसेसर होते. एक खेळ चालवी आणि दुसरा आवाज सांभाळी. अटारीच्या संगणकात ६५०२ ह्या जातीचा एकच प्रोसेसर होता. एकाला समजणाऱ्या आज्ञा दुसऱ्याला समजत नसत. मूळ यंत्राचा पडदा उभा होता, तर घरातील संचाचा पडदा आडवा. म्हणून उभ्या पडद्यावरील रस्ता व नदी आडव्या पडद्यावर बसवताना प्रत्येक ओळीची उंची नव्याने ठरवावी लागे. शिवाय अशा कारागिराला मूळ आज्ञावली सहसा पाहावयास मिळत नसे. खेळ पुनःपुन्हा खेळावा, कोणते वाहन किती वेगाने जाते, कोणते कासव केव्हा बुडी मारते हे बारकाईने न्याहाळावे, आणि मग दुसऱ्या यंत्राच्या भाषेत सारे पहिल्यापासून लिहावे, हाच एक मार्ग होता.

हे काम कोणाकडून करून घ्यावयाचे? मोठ्या कंपन्या पगारी माणसे नेमीत. ते सालगडी म्हणावेत. काही जण ठरावीक रकमेवर खेळ उतरवून देत. ते गुत्तेदार. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, केन विल्यम्स व रोबर्टा विल्यम्स ह्या पतिपत्नींनी जी कंपनी चालवली होती, तिने तिसऱ्या रीतीचाही मोठा उपयोग केला. ही कंपनी पुढे सिएरा ऑन-लाइन ह्या नावाने प्रसिद्ध झाली. केन विल्यम्स तरुण आज्ञावलीकारांना सांगे, की तुम्ही खेळ लिहा, आम्ही तो छापून, बांधून, विकू. आणि विक्रीतील ठरलेला वाटा तुम्हांला देऊ. ह्या वाट्याला तिकडे रॉयल्टी म्हणतात. आपल्याकडील बटाईचाच हा एक प्रकार. खेळ खपला, तर विशीतील तरुणालाही थोरामोठ्यांच्या पगाराहून अधिक मिळावयाचे. न खपला, तर रात्रीच्या रात्री जागून केलेल्या कामाचे मोल शून्य.

अशा तरुणांपैकी एक होता जॉन हॅरिस. अटारीच्या संगणकावर त्याचे विलक्षण प्रेम होते. ह्या यंत्राकडून जे कोणी करवून घेतले नाही, ते आपण करवून घ्यावे, हा त्याला ध्यास होता. १९८१ मध्ये त्याने जॉब्रेकर नावाचा खेळ लिहिला. तो लोकांना फार आवडला. पण त्याचे पॅकमॅन ह्या सुप्रसिद्ध खेळाशी साम्य होते, आणि पॅकमॅन घरी खेळण्याजोगा करून विकण्याचा हक्क अटारी कंपनीकडे होता. त्या कंपनीने आक्षेप घेतला व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. दुसऱ्याच्या कल्पनेच्या किती जवळ जावे, हा प्रश्न त्या नव्या धंद्यासमोर अशा रीतीने उभा राहिला.

फ्रॉगरच्या बाबतीत मात्र आधीच रीतसर हक्क घेतलेला होता. सिएरा कंपनीने हा खेळ गृहसंगणकांवर आणण्याचा परवाना मिळवला होता. अॅपल ह्या संगणकासाठी तो उतरवण्याचे काम एका आज्ञावलीकाराकडे दिले गेले, आणि अटारीसाठीचे काम जॉन हॅरिसने घेतले. त्याने त्यात जीव ओतला. बेडकाची उडी, ओंडक्यांचा प्रवाह, मूळ यंत्रावरील संगीताचा ठेका, सारे मनासारखे होईपर्यंत तो पुनःपुन्हा लिही, पुसे आणि फिरून लिही. होता होता काम जवळजवळ पुरे झाले.

त्याच सुमारास सान दिएगो शहरात संगणकाच्या आज्ञावलींचे एक प्रदर्शन भरले. जॉन हॅरिस तेथे गेला. त्याच्याजवळ फ्लॉपींचा संग्रह होता. फ्लॉपी म्हणजे आज्ञावली साठवण्याची पातळ चुंबकीय चकती. ह्या संग्रहात त्याने आजवर जमवलेली साधने होती, आणि फ्रॉगरची चकतीही होती. एवढेच नव्हे, तर काही बिघडलेच तर असू द्यावी म्हणून त्याने फ्रॉगरची जी दुसरी प्रत करून ठेवली होती, तीही त्याच संग्रहात होती. प्रदर्शनात तो कोणाशी तरी बोलण्यात गुंतला. बोलणे संपवून पाहतो, तो चकत्या जागेवर नाहीत! शोध झाला, विचारपूस झाली. पण त्या पुन्हा मिळाल्या नाहीत. मूळ प्रत गेली, राखीव प्रतही गेली.

पेरणीच्या तोंडावर एखाद्याचे घर फुटावे आणि बियाण्याचे पोतेच चोराने न्यावे, तशी त्याची स्थिती झाली. सालगड्याचे असे नुकसान झाले, तर निदान त्याची साल तरी बुडत नाही. हॅरिसचे तसे नव्हते. खेळच नाही, तर वाटा कशाचा? त्यातही पैशांहून मोठे दुःख हे, की महिनोन्महिने घडवलेली वस्तू एका क्षणात नाहीशी झाली होती. त्याचे मन मोडले. बरेच दिवस त्याला कामाला हात लावणेही जमेना. इकडे कंपनी खेळाची वाट पाहत होती. दिवस वाया जात होते. तो चिडला, खचला, पुन्हा तेच काम पहिल्यापासून करावयाचे ह्या विचारानेच त्याला शीण येई. अशा वेळी कोणी त्याला आळशी म्हटले असते, तर तो अन्यायच झाला असता. शेत करपल्यावर बांधावर डोके धरून बसलेला शेतकरी आळशी नसतो.

पण बांधावर बसून राहिल्याने शेत पिकत नाही, हेही खरे. अखेर एके दिवशी हॅरिस पुन्हा यंत्रापुढे बसला. पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली. चोराने चकत्या नेल्या होत्या. परंतु कोणते कासव केव्हा बुडते, आडव्या पडद्यावर नदी कशी बसवावी, कोठे जागा वाचते आणि कोठे वेळ, हे ज्ञान त्या चकत्यांबरोबर गेले नव्हते. ते त्याच्या डोक्यात आणि बोटांत होते. तेवढ्या एका भांडवलावर त्याने सारा खेळ पुन्हा उभा केला. १९८२ मध्ये फ्रॉगर अटारीच्या गृहसंगणकांवर आला, आणि उत्तम रूपांतर म्हणून त्याचे नाव झाले. स्टीव्हन लेव्ही ह्या लेखकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हॅकर्स' ह्या पुस्तकात जॉन हॅरिसची ही हकीकत सांगितली आहे.

१९८२ हे साल आपल्यालाही ओळखीचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. नांदेडमध्ये श्री गुरु गोबिंदसिंगजी ह्यांच्या नावाने अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, स्थापन झाली होती. त्या दिवसांत आपल्या भागातील शाळेत संगणक ही ऐकीव वस्तू होती. १९८४ मध्ये भारत सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेखाली देशातील सुमारे २५० शाळांत लहान संगणक देण्यास प्रारंभ केला, तेव्हा विद्यार्थ्यांना त्यांचे प्रथम दर्शन घडू लागले.

पुढे ह्याच कामाने आपल्या राज्यातही निराळे रूप घेतले. मुंबईत विशाल गोंडल ह्यांनी १९९९ मध्ये इंडियागेम्स ही कंपनी स्थापन केली व तिने मोबाइल फोनवरील खेळ तयार केले. त्या वेळचे फोन आजच्यासारखे नव्हते. एकाचा पडदा लहान, दुसऱ्याचा मोठा. एकाला चार कळा अधिक, दुसऱ्याला दोन उण्या. काही फोनांवर तर सारा खेळ, चित्रांसह व आवाजासह, ६४ किलोबाइटांत बसवावा लागे. त्यामुळे एकच खेळ अनेक फोनांसाठी पुनःपुन्हा उतरवावा लागे. ह्या कामाला पोर्टिंग म्हणत, आणि भारतातील कितीतरी तरुण आज्ञावलीकारांनी त्यावरच आपला हात घडवला. हॅरिसपुढे होती तीच अडचण त्यांच्यापुढे होती: जागा थोडी, यंत्र निराळे, आणि खेळणाऱ्याला मात्र तीच मौज मिळाली पाहिजे.

आज इंटरनेटमुळे लहान गावात बसूनही परदेशातील काम घेता येते. ते काम पगाराचे असेल, गुत्त्याचे असेल किंवा वाट्याचे असेल. जो कोणी असे काम घेईल, त्याने आपल्या वाडवडिलांची व्यवहारबुद्धी विसरू नये. शहाणा गुत्तेदार फावडे उचलण्यापूर्वी तीन गोष्टी बोलून घेतो: काम किती, मोल किती आणि ते केव्हा मिळणार. आज्ञावलीकाराने त्यात चौथी गोष्ट मिळवावी: तयार झालेल्या वस्तूवर हक्क कोणाचा. ह्या चारही गोष्टी कागदावर आलेल्या बऱ्या. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो आणि मग मैत्रीही जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या आजीला विचारावी. जुन्या घरांत खाण्याचे धान्य एका कणगीत असे; बियाण्याचे धान्य राख लावून वेगळे ठेवीत, आणि जाणता शेतकरी त्यातलेही थोडे भावाच्या घरी ठेवी. एका घराला आग लागली, तरी दुसऱ्या घरातून पेरणी होई. जॉन हॅरिसने दुसरी प्रत केली होती, ही त्याची सावधगिरी. ती त्याने पहिल्या प्रतीशेजारीच ठेवली, ही त्याची चूक. दोन प्रती एकाच ठिकाणी असतील, तर चोराच्या लेखी ती एकच प्रत असते.

त्या चोराला त्या चकत्यांचा काय उपयोग झाला, कोणास ठाऊक! पुढे अमेरिकेतील हजारो घरांत दिवेलागणीला मुले दूरदर्शन संचापुढे बसली. रस्ता ओलांडून, ओंडक्यांवरून उड्या मारीत त्यांचा बेडूक पैलतीरीच्या घरी पोहोचला, की ती टाळ्या पिटीत. हा बेडूक एकदा वाटेतच नाहीसा झाला होता आणि एका माणसाने त्याला पहिल्या पावलापासून पुन्हा चालवत आणले होते, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

अभ्यास

१. सालगडी, गुत्तेदार आणि बटाईदार ह्यांच्या मोबदल्याच्या रीतींतील फरक सांगा. जॉन हॅरिसची रीत ह्यांपैकी कोणती?

२. दालनातील यंत्रावरचा खेळ गृहसंगणकावर जसाच्या तसा का उतरवता येत नसे? दोन कारणे द्या.

३. देगलूर व निलंगा येथील गोष्टीचा दृष्टांत पाठात कशासाठी दिला आहे?

४. कारणे द्या: (अ) जॉन हॅरिसने दुसरी प्रत करूनही त्याचे काम गेले. (आ) चोरी होऊनही फ्रॉगर पुन्हा तयार होऊ शकला.

५. 'शेत करपल्यावर बांधावर डोके धरून बसलेला शेतकरी आळशी नसतो.' ह्या वाक्यातून हॅरिसविषयी काय सांगावयाचे आहे?

६. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा: डोळे वटारणे, जीव ओतणे, गंध नसणे, वाट धरणे.

७. तुमच्या गावात गुत्त्याने किंवा बटाईने काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीला भेटा. काम घेण्यापूर्वी ती कोणत्या गोष्टी ठरवून घेते, हे विचारून दहा ओळींत लिहा.